स्टिअरिंग जड झाले? आधी बॅटरी पाहा

गेल्या पावसाळ्यात भिवंडीहून मालेगावला येताना कसारा घाटात आमच्या गाडीचे स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले आणि समोर ईपीएसचा पिवळा दिवा लागला. मागे कापडाची गाठोडी, बाजूला ट्रकची रांग. नाशिकच्या एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निकाल दिला, "शेठ, पूर्ण कॉलम बदलावा लागेल." आकडा ऐकून आम्ही गाडी दुसरीकडे दाखवली. बॅटरीच्या टोकावर पांढरा क्षार साचून क्लॅम्प सैल पडला होता. दहा मिनिटांचे काम! चार दिवसांपासून सकाळी सेल्फ कण्हत होता, ते आम्हीच कानाआड केले होते.

पूर्वीच्या पॉवर स्टिअरिंगला तेलाचा पंप असे. ईपीएसमध्ये विजेची मोटार असते. आपण चाक किती जोराने फिरवतो हे सेन्सर ओळखतो आणि कंट्रोल युनिट त्या हिशेबाने मोटारीला वीज देते. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना ही मोटार सर्वांत जास्त वीज खाते. म्हणून बॅटरी कमजोर झाली की पहिला फटका इथे बसू शकतो.

मदत बंद पडली तरी चाकांशी असलेला लोखंडी जोड कायम राहतो. गाडी वळते, फक्त जोर लागतो. घाबरून चालत्या गाडीची चावी बंद करू नये. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, वेग कमी करून गाडी कडेला घ्यावी.

लूम थांबला तर आपण आधी तुटलेला धागा शोधतो, मोटार खोलत नाही. इथेही तसेच करावे. बॅटरीची टोके साफ व घट्ट आहेत का पाहावे. मीटर लावल्यास इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसावेत. चालू असतानाही आकडा वर जात नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. मग ईपीएसचा फ्यूज.

दिवा न लागता स्टिअरिंग जड असेल तर टायरची हवा पाहावी. अरुंद गल्लीत गाडी काढताना चाक शेवटपर्यंत वळवून धरून ठेवले तर मोटार तापते आणि मदत कमी होते. थोडा वेळ थांबल्यावर ती परत येते. हा बिघाड नव्हे.

मात्र स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढू लागले, किंवा मदत येत-जात राहिली, तर गाडी चालवू नये. सेन्सर किंवा वायरिंगचा दोष असू शकतो. गॅरेजमध्ये आधी स्कॅनर लावायला सांगावे आणि निघालेला कोड कागदावर लिहून घ्यावा. नुसती बॅटरीची तार काढून दिवा घालवणारा कारागीर भेटला तर पैसे देण्याआधी गाडी बाजारातून एक फेरी मारून आणावी.