दृष्टांत : शेतातले आणि घरातले

धर्माची शिकवण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोथी येते, देऊळ किंवा चर्च येते आणि उंचावरून बोलणारा कोणी विद्वान येतो. परंतु बायबलातील शुभवर्तमाने उघडून पाहा. तेथे येशू ख्रिस्त लोकांशी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात पेरणारा येतो, मेंढपाळ येतो, जाळे ओढणारे कोळी येतात, रोजंदारीवर निघालेले मजूर येतात, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई येते. ऐकणारेही बहुतेक गालीलातले शेतकरी आणि कोळीच होते. ठाऊक असलेल्या गोष्टीवरून न ठाऊक असलेल्या गोष्टीकडे न्यावयाचे, ही त्याची पद्धत. शिक्षक मंडळींना ती निराळी समजावून सांगायला नको. वर्गात आपण रोज तेच करता.

अशा गोष्टींना मराठीत आपण दृष्टांत म्हणतो. हा शब्द आणि हा प्रकार आपल्या घरचाच आहे. महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ तेराव्या शतकातला. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त तर पानोपानी दृष्टांत आहेत. तेव्हा मराठी कानाला या तऱ्हेने ऐकण्याची सवय पुरातन आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या रोजच्या जगण्यातून असा बोध घ्यावा कसा?

पहिली गोष्ट अशी, की बोध काढण्याची घाई करू नये. आधी वस्तू नीट पाहावी. पेरणाऱ्याचा प्रसिद्ध दृष्टांत घ्या. एक माणूस बी पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. आपला देशावरचा शेतकरी हे ऐकून म्हणेल, “अहो, हा कसला पेरणारा? बी वाटेवर सांडतो!” त्याची शंका रास्त आहे. आपल्याकडे पाभरीने पेरतात. चाड्यावर मूठ धरली की दाणा नळ्यातून नेमका तासात पडतो. पॅलेस्टाईनमध्ये त्या काळी बी हाताने फोकून पेरीत, आपण वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकतो तसे. शेतांतून पायवाटा गेलेल्या असत. डोंगराळ भागात मातीच्या पातळ थराखाली चुनखडीचा खडक असे. मग थोडे बी वाया जायचेच. तरीही चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट, शंभरपट आले, असे ती गोष्ट सांगते.

हे ध्यानात आले की दृष्टांताची एक नवी बाजू दिसते. आपण किती चांगली जमीन आहोत, हे तर त्यात विचारलेले आहेच. पण पेरणाऱ्याचा हातही पाहण्यासारखा आहे. ‘इथे काय उगवणार!’ असे आधीच ठरवून तो मूठ आवळत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाविषयी आपण असे काही ठरवून टाकले आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा दृष्टांत स्वयंपाकघरातला. एका बाईने तीन मापे पिठात थोडे खमीर मिसळले आणि सगळे पीठ फुगले; देवाचे राज्य तसे आहे. लहानपणी मला यातले काही कळत नसे. आमच्या घरी रोज भाकरी. तिला खमीर कुठले? एकदा मी आईला विचारले. ती विरजण लावीत होती. म्हणाली, “हे बघ, दुधात एवढंसं ताक घातलं. सकाळी उठलास की ताक कुठं गेलं ते मला शोधून दाखव.” सकाळी सबंध पातेलेभर दही लागलेले! त्यातून ताक निराळे कोण काढून दाखवणार? माझे खमीर मला त्या दिवशी कळले. चांगुलपणा असा आत शिरतो, आवाज करीत नाही, आणि मग त्याला वेगळे करता येत नाही. विरजण सारखे हलवून पाहणाऱ्याचे दही मात्र लागत नाही, हेही आईनेच सांगितले.

पुढे अभ्यास करताना आणखी दोन गोष्टी समजल्या. तीन मापे पीठ म्हणजे एका घराच्या गरजेहून कितीतरी अधिक, गावजेवणाला पुरावे इतके. शिवाय वल्हांडणाच्या सणात यहुदी लोक खमीर घराबाहेर काढीत, आणि ‘परूश्यांचे खमीर’ असा वाईट अर्थानेही येशूने तो शब्द वापरला आहे. असे असता देवाच्या राज्याला उपमा देताना त्याने नेमके खमीर निवडले, आणि ते मिसळणारी एक साधी गृहिणी! ऐकणारे चमकले असतील.

स्वतःच्या आठवणींतून हे कसे पाहावे, याचे मराठीतले उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. वडिलांचे सोवळे फार कडक. त्या वातावरणात त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळक हे कवी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. आणि मग एके दिवशी, कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे, तर आपल्याच मनाशी विचार करता करता, त्यांना उमगले की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पाण्याच्या त्या घोटाचे मोल मला कमी वाटत नाही. हे सारे त्या सांगतात ते हसत, स्वतःची फजिती न लपवता. वाचकाला उपदेश म्हणून करीत नाहीत.

आता एक सावधगिरी. दुसऱ्याच्या दुःखातून बोध काढण्याचा मोह फार वाईट. आमच्या गावी एका पावसाळ्यात मातीची भिंत खचून नवराबायको दगावली. लगेच पारावर चर्चा सुरू झाली : कोणते पाप भोवले असेल? कोणी जुने भांडण काढले, कोणी नवस चुकल्याचे सांगितले. आमच्या मंडळीचे म्हातारे पाळक काही बोलले नाहीत. धोतर खोचून चिखल उपसायला गेले. प्रेतक्रियेच्या वेळी त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचला. त्यात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. तुम्ही आपल्याकडे पाहा, असे बजावतो. लगेच पुढे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो. एवढे वाचून पाळक खाली बसले. दुसऱ्या दिवशी चार तरुण बरोबर घेऊन ते गावातल्या जुन्या भिंती पाहत फिरत होते. एक भिंत त्यांनी उतरवायला लावली.

तेव्हा आपल्या अनुभवातून काही शिकायचे असेल तर दोन गोष्टी पाळाव्या. वस्तू जशी आहे तशी पाहावी : तिचे नाव, तिचे काम, तिच्यामागचे कष्ट यांसह. आणि जो बोध निघेल तो आधी स्वतःला लावावा. शिक्षकांना हे वर्गातही करून पाहता येईल. मुलांना तात्पर्य सांगू नका. आज घरी काय पाहिले ते त्यांना सांगू द्या. कोणी जात्याचे सांगेल, कोणी गाईच्या वेताचे, कोणी मजुरीवर न मिळालेल्या कामाचे. नीट ऐकून घ्या. मग हवे तर विचारा, “यात तुझ्या वाट्याला कोणते काम आले?”