जुळवलेली माणसे आणि घडवलेले पथक

२४ एप्रिल १९८० रोजी संध्याकाळी अमेरिकेच्या 'निमिट्झ' या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे इराणकडे निघाली. तेहरानमधील वकिलातीत ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या सुटकेसाठी निघालेल्या कमांडोंना ती पुढे वाहून नेणार होती. त्यासाठी किमान सहा हेलिकॉप्टरे आवश्यक होती. वाळवंटातील संकेतस्थळी सहा पोहोचली खरी, परंतु त्यांतले एक नादुरुस्त निघाले. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळले आणि आठ सैनिक प्राणास मुकले.

सारा दोष यंत्रांच्या माथी मारणे सोपे होते. ॲडमिरल हॉलोवे यांच्या चौकशी समितीला मात्र खरी उणीव संघटनेत आढळली. हेलिकॉप्टरे नौदलाची, तीही मुळात सागरी सुरुंग काढण्याच्या कामाची. वैमानिक बहुतेक मरीन दलाचे, वाहतूक विमाने हवाई दलाची आणि कमांडो भूदलाचे! गुप्ततेच्या हव्यासापायी वैमानिक आणि हवामानतज्ज्ञ यांची गाठही घालून दिलेली नव्हती. धुळीच्या लोटांनी वैमानिकांना बेसावध गाठले. साऱ्या मोहिमेची एकत्र रंगीत तालीम तर झालीच नाही. गावोगावच्या हौशी नाटकमंडळ्याही असे धाडस करीत नाहीत.

पुढे १९८१ मध्ये अमेरिकी भूदलाने रात्रीच्या उड्डाणात निष्णात अशी स्वतंत्र बटालियन उभारली. हे शिक्षण स्वस्त नव्हते. आरंभीच्या वर्षांत सरावातच तिचे अनेक जवान दगावले. २ मे २०११ रोजी अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनच्या घराच्या आवारात याच पथकाचे एक हेलिकॉप्टर कोसळले. या वेळी राखीव हेलिकॉप्टरे मागे सज्ज होती. मोहीम थांबली नाही.