दुकानाचा पोटमाळा आणि मालकाचे गुडघे



आज जीएसटी नाही, उधारी वसुली नाही, मार्जिनचं गणितही नाही. आज तुमच्या गुडघ्यांबद्दल बोलायचंय. "सर, हे तर डॉक्टरांचं काम," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, मी डॉक्टर नाही. पण आधी एक किस्सा ऐका, मग ठरवा हा विषय धंद्याचा आहे की नाही.

आपल्या ट्रेनिंगला एक किराणा दुकानदार यायचे. वय ५७. तक्रार एकच, विक्री आहे तेवढीच आहे, पण पैसा मालात अडकतोय. कागदावर काही सापडेना, म्हणून मी दुकानात गेलो. काउंटर चकाचक, खालचे रॅक नीट लावलेले. म्हटलं, पोटमाळा दाखवा. ते जरा घुटमळले. वर नोकर पोऱ्याला घेऊन गेलो तर काय, मुदत संपलेले मसाले, जाळी धरलेलं बेसन, आणि जो साबण त्यांनी त्याच आठवड्यात नव्याने मागवला होता त्याची तीन खोकी. दीड वर्षात मालक स्वतः वर चढलेच नव्हते. पोऱ्या वरून ओरडून सांगायचा, "संपलंय", आणि हे ऑर्डर द्यायचे.

मी विचारलं, का हो, चढत का नाही? म्हणाले, "सर, गुडघा दुखतो. म्हणून जपून वापरतो. अजून दहा वर्षं दुकान चालवायचंय ना!"

हे "जपून वापरतो" म्हणजेच खरी अडचण. आपण शरीराला मोटारीसारखं समजतो. बेअरिंग जितकं फिरेल तितकं झिजेल, म्हणून कमी फिरवा. मशिनीच्या बाबतीत हे खरं आहे. शरीराचा हिशोब बऱ्याच अंशी उलटा चालतो.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. मोठ्या माणसाच्या या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण मिळतं कुठून? सांध्यातल्या पातळ द्रवातून. पाऊल टाकलं की गादी स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की द्रव पुन्हा आत ओढला जातो. म्हणजे हालचाल हाच तिचा पुरवठादार. गल्ल्यावर एकाच जागी चार तास बसलात तर पुरवठा मंदावला. उठताना पहिली दहा पावलं गुडघा आखडल्यासारखा वाटतो आणि मग मोकळा होतो, हा अनुभव तुमच्यातल्या कित्येकांना असेल.

आणि गुडघ्याचा बराचसा भार खरं म्हणजे मांडीच्या स्नायूंनी पेलायचा असतो. स्नायू साधारण तिशीनंतर हळूहळू घटू लागतात, दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के असा अंदाज सांगतात, आणि साठीनंतर वेग वाढतो. वापर थांबवला तर दहा वर्षं लागतच नाहीत. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं स्नायूंचं वजन जवळपास १ किलोने उतरलं. आता दीड वर्ष शिडी न चढलेल्या माणसाचा विचार करा. गुडघा दुखतो म्हणून चढत नाही, चढत नाही म्हणून मांडी बारीक होते, मांडी बारीक म्हणून गुडघा जास्त दुखतो. उधारीचं चक्र असंच असतं, नाही का?

हाडांचंही तेच. तिशीच्या आसपास हाडांची ठेव सर्वांत मोठी असते, पुढे त्यातून काढणंच जास्त. हाडाला भार लागतो, तरच शरीर ते मजबूत ठेवतं. अंतराळवीरांना वर वजनच जाणवत नाही, तर त्यांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने उतरते.

"पण सर, मी दिवसभर उभाच असतो!"

हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. बारा तास काउंटरमागे उभं राहणं म्हणजे थकवा, व्यायाम नव्हे. स्नायू वाढतो तो नेहमीपेक्षा थोडं जास्त काम दिलं की. विक्रीचं टार्गेट तुम्ही दरवर्षी तेच ठेवता का? नाही ना. मग मांडीला तरी वीस वर्षं तेच टार्गेट का?

आता तुमचा स्टॉक मोजू या. हाताचा आधार न घेता बसता येईल असं पक्कं स्टूल किंवा खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधा. पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. मोबाईलवर वेळ लावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो कमजोरीचा इशारा मानतात. त्या दुकानदारांना १९ सेकंद लागले, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी नकळत काउंटर धरला. (तोल जात असेल तर एकट्याने करू नका, कुणाला तरी शेजारी उभं करा.)

उशीर झालाय असं वाटतंय? बोस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. अभ्यास १९९० साली छापून आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत होतं, तर पंचावन्नला का नाही?

जिम लावायची गरज नाही. किराणा दुकान हीच जिम आहे हो! १ किलोची मिठाची पिशवी, ५ किलोचा आटा, १५ किलोचा तेलाचा डबा, सगळी वजनं छापील. सुरुवात स्टुलावरून उठबस करण्यापासून करा, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सोपं वाटायला लागलं की छातीशी मिठाची पिशवी धरा, मग दोन. काउंटर धरून टाचा उचला. शटर उघडण्याआधी भिंतीला हात टेकवून दंडासारखं पुढे-मागे व्हा. एका पायावर उभं राहून दहा अंक मोजा, आधार हाताशी ठेवून. साठीनंतर हाडं मोडतात ती बहुतेक वेळा पडल्यामुळे, म्हणून तोल सांभाळायचा सराव ताकदीइतकाच कामाचा. आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचं काम आणि एकूण १५० मिनिटं भरभर चालणं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. थोडं ओढल्यासारखं होणं ठीक. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर डोस जास्त झाला, निम्म्यावर या.

पण ५० किलोचं साखरेचं पोतं उचलून दाखवायला जाऊ नका. त्याला हमाल आहे, ढकलगाडी आहे. डबा उचलताना गुडघ्यातून वाका, अंगाशी धरा, आणि उचललेल्या वजनासकट कमरेतून वळू नका. पावलं वळवा.

वजन जास्त असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. गुडघेदुखी असलेल्या लठ्ठ ज्येष्ठांच्या अभ्यासात शरीराचं १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो असं दिसलं. इतका परतावा कुठल्या स्कीममध्ये मिळतो सांगा!

खाणं आणि ऊन

दुकानदाराचं जेवण मला माहीत आहे. सकाळी चहा-खारी, दुपारी तीनला डबा, रात्री साडेदहाला भात. यात प्रथिनं फार थोडी. वय वाढल्यावर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, एक पेला दुधातही साधारण तेवढीच. मटकीची उसळ, फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीन वडी, सगळं तुमच्याच रॅकवर आहे. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३६० मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. दूध-दही आहेच.

ऊन? सकाळी आठला दुकानात, रात्री नऊला बाहेर. काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हेही माहीत असू द्या. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा थोडा वेळ हात-पाय उन्हात जाऊ द्या. रक्त तपासून कमतरता निघाली तर डॉक्टर पुड्या देतील. त्या ठरलेल्या आठवड्यांपुरत्याच घ्यायच्या. "बरं वाटतंय" म्हणून वर्षभर चालू ठेवणारे मी पाहिलेत, आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलटा त्रास होतो. मेडिकलमधून आपल्या मनाने रोज दुखीची गोळी घेण्याबद्दलही तेच, त्याची किंमत पोट आणि किडनी मोजते.

आणि वहिनींना विसरू नका. पुष्कळ दुकानांचा निम्मा भार त्याच ओढतात. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि वरून काहीच कळत नाही. उंची कमी झाली, पाठीला पोक आलं, साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर व्यायाम नंतर, डॉक्टर आधी.

त्या दुकानदारांचं काय झालं? फिजिओथेरपिस्टकडे गेले, पाच महिने उठबस केली. वेळ १९ वरून ११ सेकंदांवर आला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, थंडीत अजून बोलतं. शिडी काढून त्यांनी कठडा असलेला लोखंडी जिना बसवून घेतला. दर रविवारी दुपारी वही घेऊन स्वतः वर जातात, आणि मागच्या वेळी मला फोन करून सांगितलं की साबणाची ती तीन खोकी विकून झाली.