आधी पट्टी, मग पाणी

मूल रात्री दात खाऊ लागले की घरातले वडीलधारे निदान सांगून मोकळे होतात, ‘जंत झालेत, औषध द्या!’ आम्हीही तेच केले. धाकट्याला रात्री गुदद्वाराशी खाज सुटायची, तो रडत उठायचा. गोळी दिली की आठ-पंधरा दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. शौच तपासले, काही निघाले नाही. केसपेपरवर निदानापुढे ‘बी ८२.९’ एवढेच लिहिलेले.

हा क्रमांक जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला, म्हणजे आयसीडी-१० मधला. त्यात प्रत्येक जंताला स्वतंत्र क्रमांक आहे. हूकवर्म बी ७६, मोठे गोल जंत बी ७७, सुतासारखे बारीक जंत बी ८०, अमिबा ए ०६, जिआर्डिया ए ०७.१. बी ८२.९ चा अर्थ, आतड्यात परोपजीवी आहे, पण कोणता ते ठरलेले नाही. नाव ठरले नाही तर औषधही अंदाजानेच दिले जाते. शाळेत १० फेब्रुवारीला मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंतांवर चांगली चालते. अमिबा किंवा जिआर्डियाला ती पुरत नाही, तिथे वेगळे औषध लागते. हूकवर्म तर रक्त पितो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे लागते.

आमचे चुकले ते वेगळ्याच ठिकाणी. सुतासारख्या जंताची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालते. शौचात ती सहसा सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, संडासला जाण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. असे सलग तीन दिवस. आपल्या घरांत मूल फजरला उठले की आधी इस्तिंजा, मग वुजू. म्हणजे पुरावा पाण्याबरोबर गेला! तेवढ्या तीन सकाळी आधी पट्टी, मग पाणी. अर्धा मिनिट लागतो, नमाजला उशीर होत नाही.

शौचाच्या नमुन्याचेही तसेच. त्यात पाणी किंवा लघवी मिसळली तर अमिबा ओळखता येत नाही. कोरड्या भांड्यात घ्यावा, पातळ असेल तर लगेच पोचवावा. जिआर्डिया रोज दिसतोच असे नाही, म्हणून एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत. एकाच नमुन्यात काही नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

आमच्या दुसऱ्या पट्टीवर अंडी दिसली आणि कागदावर बी ८० आले. डॉक्टरांनी खाज असो-नसो, सगळ्या घराला एकाच दिवशी गोळी दिली. गरोदर सुनेची मात्र थांबवली. ‘मला काय झालंय?’ म्हणून दादी रुसल्या, शेवटी नातवासाठी घेतली. चादरी गरम पाण्यात धुतल्या, सगळ्यांची नखे कापली. दोन आठवड्यांनी दुसरी गोळी होती. तोवर रमजान लागला होता, ती आम्ही इफ्तारनंतर घेतली.