अध्यापनाची नवी साधने आणि अध्ययनाची जुनी अट

विद्यापीठीय शिक्षणात यांत्रिक साधनांचा उपयोग करावा किंवा करू नये, हा वाद आता शिल्लक राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले, तेव्हा ज्या अध्यापकांनी तोवर कधी संगणकाच्या पडद्यासमोर बसून व्याख्यान दिले नव्हते त्यांनाही ते द्यावे लागले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांन्वये एखाद्या शिक्षणक्रमातील एका सत्राच्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्रीय ऑनलाईन व्यासपीठावरून पूर्ण करू देण्याची मुभा विद्यापीठांस दिली. म्हणजे पदवीचा बराच मोठा अंश यापुढे वर्गाच्या चार भिंतींबाहेर मिळविता येईल. अशा स्थितीत विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. कोणते साधन, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटीवर वापरले असता विद्यार्थी खरोखर काही शिकतो? या प्रश्नाचा ऊहापोह उपलब्ध संशोधनाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. साधन आणि पद्धती

प्रथम दोन कल्पनांमधील भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. आशय ज्याच्या द्वारे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो ते साधन; आणि तो आशय हाती आल्यावर विद्यार्थ्याच्या बुद्धीकडून जे काम करवून घेतले जाते त्याची योजना म्हणजे पद्धती. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये माध्यमविषयक प्रयोगांचा परामर्श घेऊन असे प्रतिपादन केले की, अध्ययनात जी वाढ दिसते ती पद्धतीमुळे होते, माध्यमामुळे नव्हे. वाणसामान आणणाऱ्या मोटारीमुळे अन्नाचे पोषणमूल्य बदलत नाही, असा त्यांचा दृष्टान्त आहे. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये याला आक्षेप घेतला. काही माध्यमांच्या अंगी असे विशिष्ट सामर्थ्य असते की, त्यांच्यावाचून काही प्रकारचे अध्ययन घडविणे कठीण जाते, असे त्यांचे म्हणणे. या वादात दोन्ही बाजूंकडे तथ्य आहे. परंतु एक गोष्ट दोहोंनाही मान्य व्हावी. केवळ साधन आणून ठेवल्याने पद्धती आपोआप बदलत नाही.

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरचित्रवाणीवरून ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी योजलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. या दोन्ही उपक्रमांनी उत्तम व्याख्यान दूरच्या गावी नेण्याचे कार्य केले, हे निःसंशय. परंतु व्याख्यान पोहोचणे आणि ज्ञान पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम आंतरजालावर सर्वांस खुला करण्यात आला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली आणि जगभर नव्या युगाची भाषा सुरू झाली. पुढे हार्वर्ड व एमआयटी यांच्या अशाच खुल्या अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदी तपासण्यात आल्या. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.१३ टक्के भरले. नाव नोंदविणारा प्रत्येक जण प्रमाणपत्राच्या इच्छेने येतो असे नाही, हे ध्यानात घेऊनही हा आकडा विचार करावयास लावणारा आहे.

२. स्मरणाचा व्यायाम

मग विद्यार्थ्याच्या बुद्धीकडून कोणते काम करवून घ्यावयाचे? या बाबतीत स्मृतिविषयक संशोधनाने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस लहान गद्य उतारे वाचावयास दिले. नंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काही उताऱ्यांच्या बाबतीत मात्र पुन्हा न वाचता जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांचा ८१ टक्के भाग आठवला, आठवून लिहिलेल्यांचा ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र हे पारडे फिरले. पुन्हा वाचलेल्यांपैकी ४२ टक्के आणि आठवून लिहिलेल्यांपैकी ५६ टक्के भाग स्मरणात राहिला.

या निष्कर्षाचे मर्म असे की, अध्ययन सुलभ वाटणे हे अध्ययन झाल्याचे लक्षण नव्हे. ओळखीचा मजकूर दुसऱ्यांदा वाचताना तो आपणांस येतो असा भास होतो. परंतु ओळखणे आणि स्वतः काढून देणे या दोन भिन्न शक्ती आहेत. आपल्याकडील जुन्या पाठशाळांत पाठ म्हणून दाखविल्यावाचून पुढचा पाठ मिळत नसे. त्या प्रथेत अर्थाकडे दुर्लक्ष होण्याचा दोष असेल. परंतु शिष्याने मिळविलेले बाहेर काढून दाखविले पाहिजे, ही तिची अट योग्य होती. हीच अध्ययनाची जुनी अट होय. पुढे विचारात घेतलेली साधने तिच्याच कसोटीवर पारखावयाची आहेत.

३. वर्गातील प्रश्न

हार्वर्ड येथील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास असे आढळले की, अवघड गणिते सोडविणारे त्यांचे विद्यार्थी अगदी मूलभूत प्रश्नांत चुकतात. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली असता कोणाचे बल कोणावर अधिक, यासारख्या प्रश्नात न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असूनही तो त्यांच्या उपयोगी पडत नसे. यावर त्यांनी १९९१ पासून जी पद्धती अवलंबिली ती अशी. थोडे विवेचन झाले की अध्यापक संकल्पनेवर एक प्रश्न विचारतो. प्रत्येक विद्यार्थी प्रथम एकट्याने विचार करून आपले उत्तर नोंदवितो. नंतर तो शेजाऱ्याशी चर्चा करतो, विशेषतः निराळे उत्तर देणाऱ्याशी. मग पुन्हा उत्तर नोंदवितो. शेवटी अध्यापक स्पष्टीकरण करतो.

उत्तर नोंदविण्यासाठी पुढे हातात धरावयाची विद्युत्-उपकरणे प्रचारात आली आणि आज तेच काम मोबाईल करतो. त्यामुळे श्रेय उपकरणास देण्याचा मोह होतो. परंतु कॅनडातील एका महाविद्यालयात नॅथॅनिएल लॅझरी यांनी एका गटास ही उपकरणे आणि दुसऱ्या गटास साधी पुठ्ठ्याची कार्डे देऊन तुलना केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या संकल्पनात्मक प्रगतीत लक्षणीय फरक आढळला नाही. उपकरणाने अध्यापकाची सोय होते, नोंदी राहतात, लाजाळू विद्यार्थीही निर्भयपणे मत देतो, हे खरे. पण शिकविते ती प्रश्नाची योजना. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे स्कॉट फ्रीमन व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये एकत्र विश्लेषण केले. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांस कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. शंभरांमागे बारा विद्यार्थ्यांचा हा फरक आहे, आणि त्यांतील कित्येकांचे शिक्षण चालू राहणे वा सुटणे यावरच अवलंबून असते.

४. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान

आपल्याकडे ऑनलाईन अभ्यासक्रम म्हणजे बहुधा तासाभराच्या व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण, असा समज रूढ आहे. येथेच सर्वाधिक सुधारणेस वाव आहे. ‘एडएक्स’ या व्यासपीठावर व्याख्याने पाहिली गेल्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रफीत कितीही लांब असली तरी प्रेक्षक सलग गुंतून राहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यात दिसून आले.

तथापि केवळ तुकडे पाडणे हा पुरेसा उपाय नव्हे. कार्ल श्पुनार, नोव्हाल खान व डॅनिएल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांच्या मुद्रित व्याख्यानाचे चार भाग केले. एका गटास प्रत्येक भागानंतर त्यावरील छोटी परीक्षा दिली. तुलनेच्या गटांस तशी परीक्षा नव्हती. व्याख्यान चालू असता मन भरकटले होते काय, असे अधूनमधून विचारले असता परीक्षा न देणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के, तर परीक्षा देणाऱ्यांत १९ टक्के आढळले. मुद्रण तेच, वक्ता तोच. फरक केवळ मध्ये विचारलेल्या प्रश्नांचा. आणि हे असे काम आहे की, जे पुठ्ठ्याच्या कार्डाहून संगणक अधिक चांगले करतो. घरी एकट्या बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास थांबवून प्रश्न विचारणे आणि लगेच उत्तर तपासणे कोणाही अध्यापकास शक्य नाही. कोझ्मा यांच्या आक्षेपातील तथ्य ते हेच.

या दृष्टीने पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा प्रकल्प अभ्यसनीय आहे. त्यातील पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात. विद्यार्थ्याने नुसते पाहावयाचे नसून पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस ती संगणकप्रणाली उघडून प्रत्येक कृती स्वतः करावयाची असते. पाठाची संहिता आधी लिहिली जात असल्यामुळे तिचे भाषांतर करून मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन करता येते. आणि पाठ एकदा उतरवून घेतला की आंतरजालाची गरज राहत नाही. खेड्यातील महाविद्यालयास हा शेवटचा गुण मोलाचा वाटेल.

५. उत्तर देणारे यंत्र

संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न आता अधिक तीव्र झाला आहे, कारण हे साधन आशय तर पोहोचवितेच, शिवाय विद्यार्थ्याने करावयाचे कामही स्वतःच करून देते. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणितात केलेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो विद्यापीठीय पातळीवरचा नसला तरी त्याचा बोध सार्वत्रिक आहे. ज्यांस असे यंत्र मोकळेपणी वापरू दिले त्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली असता, ज्यांस ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्याहून त्यांस १७ टक्के कमी गुण मिळाले. उत्तर न देता केवळ सूचना देणारे यंत्र ज्यांस दिले त्यांची ही हानी बहुतांशी टळली. पण परीक्षेत त्यांस लाभ झाल्याचेही दिसले नाही. येथे रोडिगर-कार्पिकी प्रयोगाचाच प्रत्यय येतो. श्रम वाचले की प्रगतीचा भास वाढतो आणि अध्ययन घटते.

६. व्यवहारातील योजना

वरील विवेचनावरून एखाद्या विभागास आपल्या ऑनलाईन अभ्यासक्रमाचा आठवडा पुढीलप्रमाणे आखता येईल. तासाच्या व्याख्यानाऐवजी सहा ते दहा मिनिटांचे चार-पाच पाठ. प्रत्येक पाठानंतर टिपण न पाहता उत्तर द्यावयाचे दोन प्रश्न. पुढील आठवड्याच्या आरंभी मागील आठवड्यावरील एक प्रश्न. आणि सर्वांनी एकत्र जमण्याचा जो तास असेल तो पुन्हा व्याख्यानात न घालविता, ज्या प्रश्नांत अधिक मतभेद झाला त्यांच्या चर्चेसाठी राखून ठेवणे. ध्वनिमुद्रण व टिपणे लहान आकाराची असावीत, म्हणजे अल्प खर्चात ती मोबाईलवर उतरवून घेता येतील.

खरी कसोटी प्रश्नरचनेची आहे. भाषाविषयात ज्ञानेश्वरी कोणत्या शकात पूर्ण झाली, असा प्रश्न विचारणे सोपे. शके १२१२ हे उत्तर यंत्रही क्षणात देईल. त्याऐवजी दोन अनामिक गद्य उतारे देऊन, विभक्तिप्रत्यय व क्रियारूपे यांच्या आधारे त्यांतील प्राचीनतर कोणता ते सकारण ठरवावयास सांगितले, तर विद्यार्थ्यास शिकलेले सर्व एकत्र आणून वापरावे लागते. असे प्रश्न तयार करण्यास वेळ लागतो. तो वेळ अध्यापनाच्या कार्यभारात मोजला गेला नाही, तर उत्तमातील उत्तम व्यासपीठावरही जुन्या व्याख्यानांची केवळ साठवण होईल. यंत्रसामग्रीसाठी तरतूद करणाऱ्या संस्थांनी याचाही विचार केला पाहिजे.

सारांश, साधनाची निवड करताना विभागाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हे साधन वापरताना विद्यार्थी काय करीत असेल? तो केवळ पाहत, ऐकत अथवा उतरवून घेत असेल, तर साधन नवे असूनही अध्यापन जुनेच आहे. तो आठवत, पडताळत, चुकत व सुधारत असेल, तर फळा आणि खडूसुद्धा पुरेसे आहेत. आणि त्यांच्या जोडीस संगणक आला, तर तेच काम दूरच्या एकट्या विद्यार्थ्यापर्यंतही नेता येईल.