पिन–पेन स्वरविलय

पिन–पेन स्वरविलय हा इंग्रजी भाषेच्या काही प्रादेशिक बोलींमध्ये आढळणारा उच्चारबदल आहे. या बोलींत अनुनासिक व्यंजनापूर्वी येणारे ऱ्हस्व 'इ' आणि ऱ्हस्व 'ए' हे स्वर एकरूप होतात. परिणामी 'पिन' (टाचणी) आणि 'पेन' (लेखणी) या दोन शब्दांचा उच्चार सारखाच होतो. एकरूप झालेला स्वर बहुधा 'इ'च्या जवळचा असतो.

स्वरूप

हा बदल नियमबद्ध आहे. तो केवळ 'म' आणि 'न' या व्यंजनांपूर्वी घडतो. त्यामुळे 'टिन' (कथिल) व 'टेन' (दहा), 'हिम' (त्याला) व 'हेम' (कपड्याची दुमडलेली कड), 'सिन्स' (पासून) व 'सेन्स' (जाण) या जोड्यांतील भेद नाहीसा होतो. मात्र 'पिट' (खड्डा) आणि 'पेट' (पाळीव प्राणी) हे शब्द त्याच वक्त्याच्या बोलण्यात वेगळे राहतात. अनुनासिक व्यंजनापूर्वी हवा नाकावाटेही वाहू लागते व स्वर सानुनासिक होतो. अशा स्वरांत जिभेच्या उंचीतील फरक कानाला कमी स्पष्टपणे जाणवतो.

प्रसार

हा स्वरविलय प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आढळतो. आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या इंग्रजीत तो दक्षिणेबाहेरही ऐकू येतो. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड परिसरात तो आढळतो. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांतून अनेक कुटुंबे तेथे स्थलांतरित झाली होती. आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागातील इंग्रजीतही असाच बदल दिसतो.

इतिहास

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–१८६५) लढलेल्या टेनेसीतील सैनिकांच्या लेखी उत्तरांचा आणि बोलींच्या नकाशांसाठी जमवलेल्या सामग्रीचा अभ्यास झाला आहे. त्यानुसार १८६० पर्यंत हा स्वरविलय विरळ होता. त्यानंतर तो झपाट्याने वाढला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे सर्वसामान्य झाला. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या काळातील उच्चार ओळखण्यासाठी अशा लेखनातील शुद्धलेखनाच्या चुका उपयोगी पडतात.

आकलन व शिक्षण

बहुतेक वेळा संदर्भावरून अर्थ कळतो. जेथे संदिग्धता संभवते, तेथे वक्ते लेखणीला 'इंक पेन' आणि टाचणीला 'स्टिक पिन' असे म्हणतात. शिक्षणात मात्र या बदलाची दखल घ्यावी लागते. हे शब्द एकसारखे उच्चारणाऱ्या मुलास श्रुतलेखनात केवळ कानावर विसंबता येत नाही. शब्द वाक्यात वापरून सांगितला तरच योग्य अक्षर निवडता येते. अशा मुलाने 'टिन' व 'टेन' सारखेच ऐकू येतात असे सांगितल्यास त्याला श्रवणदोष आहे किंवा तो निष्काळजी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, कारण त्याचे उत्तर त्याच्या बोलीला धरून असते.

मराठीतील साम्य

मराठीत 'पिन' आणि 'पेन' हे दोन्ही शब्द रूढ असून त्यांचे उच्चार भिन्न आहेत. तथापि ध्वनी एकरूप होण्याची प्रक्रिया मराठीलाही अपरिचित नाही. अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो व 'पाणी'चे 'पानी' होते. असा उच्चार पुष्कळदा अशुद्ध मानला जातो. प्रत्यक्षात पिन–पेन स्वरविलयाप्रमाणेच तोही त्या-त्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेचा भाग असतो.