छापलेल्या कागदाची परतीची वाट

भुसावळहून खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग सावदा आणि निंभोरा ही केळीच्या व्यापाराची स्थानके मागे टाकून रावेरास येतो आणि पुढे बुऱ्हाणपूर ओलांडून ज्या नेपानगरास पोहोचतो, तेथे भारतातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला, हे खानदेशातही आता फारसे कोणाच्या ध्यानी नसते. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेला हा कारखाना प्रारंभी सालई आणि बांबू यांच्या लगद्यावर चालत असे. वृत्तपत्री कागदाचे एकूण एक रीळ परदेशातून आणावे लागण्याच्या त्या काळात रानातल्या लाकडाचा कागद करणे हे स्वावलंबनाचेच कार्य होते, आणि त्याबद्दल त्या पिढीस आज दोष देणे अन्यायाचे होईल. पुढे याच कारखान्याने लाकूड सोडून रद्दीची कास धरली. काही वर्षे बंद राहून २०२२ च्या ऑगस्टात तो पुन्हा सुरू झाला, तोही रद्दीवरच.

छपाईच्या धंद्यातील पर्यावरणाच्या प्रश्नाचे मर्म मला या स्थित्यंतरात दिसते. छापील वस्तूने निसर्गावर टाकलेल्या भाराचा मोठा हिस्सा कागद तयार करण्यात खर्ची पडलेल्या लाकडाचा, पाण्याचा आणि इंधनाचा असतो. म्हणून एकदा छापलेला कागद पुन्हा लगदा होण्याच्या योग्यतेचा राहिला की नाही, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचा निकाल कागदाच्या गिरणीत लागण्यापूर्वीच रावेरसारख्या तालुक्याच्या गावातील छापखान्यात लागलेला असतो.

रद्दीवरची शाई निघते कशी, हे पाहण्यासारखे आहे. रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात, त्यात कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबण घालतात, आणि मग त्या पातळ लगद्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. तंतूंपासून सुटलेले शाईचे कण त्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि काळा फेस काढून टाकला की खाली उजळ लगदा उरतो. सारी मदार शाई तंतूवरून सुटण्यावर असते. खनिज तेलाऐवजी जवस किंवा सोयाबीन यांच्या तेलातील शाई वापरावी, हा सल्ला योग्यच आहे, कारण हे तेल शेतात पुन्हापुन्हा पिकते आणि छापखान्यातील हवेत बाष्पही कमी मिसळते. परंतु वनस्पती तेल हवेतील प्राणवायू घेऊन कालांतराने कठीण होते, उष्णतेने ही क्रिया अधिक जलद होते, आणि मग शाई तंतू सोडत नाही. उन्हाळ्यात साठलेली रद्दी स्वच्छ होण्यास कठीण जाते, हा गिरण्यांचा जगभरचा अनुभव आहे. वैशाखात जेथे पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो, त्या आमच्या मुलखात पत्र्याच्या गोदामात रद्दी महिनोन्‌महिने पडू देणे म्हणजे चांगल्या शाईचा निम्मा लाभ घालवणे होय.

शाईत कोणते स्निग्ध द्रव्य असावे, हा खल मराठी मुद्रणात जुनाच आहे. १८३१ साली मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी, शाईत चरबी असल्याच्या शंकेने सोवळी मंडळी छापील पोथीस शिवत नाहीत हे पाहून, तुपात शाई खलविली असे सांगतात.

रावेरच्या छापखान्यांचे आजचे काम पाहिले तर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि फ्लेक्स यांचाच भरणा अधिक. पैकी पत्रिकेवर चकाकीसाठी प्लास्टिकचा पापुद्रा चढविला, की तो कागद रद्दीच्या हिशेबातून बाद झाला. त्याऐवजी साधा जाड कागद आणि उत्तम अक्षरजुळणी यांनी पत्रिका शोभिवंत होत नाही, असे कोण म्हणेल? फ्लेक्सची गोष्ट तर याहून गंभीर आहे. पीव्हीसीच्या त्या कापडावरील वाढदिवसाच्या शुभेच्छा आठवड्यात शिळ्या होतात, कापड मात्र वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि जाळले तर हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू सोडते. या एका वस्तूपुरती माझी कसल्याही तडजोडीची तयारी नाही. सुती कापडावर रंगविलेला फलक आपल्या गावांना पुरत होता, आणि तो पुन्हा पुरेल.

निर्यातीच्या केळीची पुठ्ठ्याची खोकी बहुधा पाण्यात खलविलेल्या शाईने छापतात. या शाईने हवा फारशी दूषित होत नाही. मात्र तिचे कण इतके सूक्ष्म असतात की ते बुडबुड्यांना धरत नाहीत, म्हणून अशी खोकी वृत्तपत्राच्या रद्दीत न मिसळता निराळी ठेवून पुन्हा पुठ्ठ्याकडेच पाठवावीत.

रद्दीचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतो. त्याला नव्या, लांब तंतूची जोड हवीच असते. असा चिवट तंतू रावेरच्या बांधाबांधावर पडून असतो, कारण घड उतरला की केळीचे खोड तोडून टाकावे लागते. केळीच्या तंतूचा कागद होतो, उत्तम होतो. अडचण एवढीच, की खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते ट्रॅक्टरने दूरच्या गिरणीत नेणे म्हणजे भाडे भरून पाणी वाहणे. तंतू शेतातच यंत्राने काढून, वाळवून, गठ्ठे बांधून पाठविण्याची तजवीज शेतकरी संघांनी केली, तरच हा व्यवहार परवडेल, आणि ते गठ्ठे नेण्यास रावेरच्या स्थानकावरून नेपानगरकडे जाणारा लोहमार्ग हाताशी आहेच.